डोळ्याची आठवण

आज जो विषय मी आपणांपुढें मांडणार आहें, तो माझ्या अधिकाराबाहेरचा आहे, हें आरंभींच कबूल करतों. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. अडतीस वर्षें मराठी शाळांतून मुलांना भाषा आणि गणित शिकविलें आणि निवृत्त झालों. जीवशास्त्राचा माझा अभ्यास म्हणाल, तर तो बेडकाच्या आकृतीपलीकडे कधीं गेला नाहीं. तरीहि या वयांत शास्त्राचीं पुस्तकें उघडून बसण्याची पाळी मजवर आली, ती माझ्या डाव्या डोळ्यामुळें. ती हकीकत आधीं सांगतों. कारण आजच्या भाषणाचा प्रश्न तिच्यांतच आहे.

पंचेचाळिसाव्या वर्षीं माझ्या रक्तांत साखर वाढल्याचें कळलें. अंगांत दुखत-खुपत कांहींच नव्हतें. त्यामुळें त्या दुखण्याला मीं दुखणें मानलेंच नाहीं. कोणाचा मुलगा उत्तीर्ण झाला कीं पेढा, कोणाकडे बारसें झालें कीं जिलबी, आणि घरीं दिवसांतून पांच वेळां गोड चहा. गोळ्या आठवल्या तर घ्यावयाच्या. अशीं बारा वर्षें गेलीं. सत्तावन्नाव्या वर्षीं पायाला झालेली एक लहानशी जखम दोन महिने भरून येईना, तेव्हां मी घाबरलों आणि शुद्धीवर आलों. त्या दिवसापासून पथ्य, औषध आणि पहाटेचें चालणें यांत खंड पडूं दिला नाहीं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी तपासणी असते, तिचा आंकडा गेलीं आठ वर्षें सातांच्या आसपास आहे. वांड मुलगा सुधारला म्हणजे मास्तर त्याची पाठ थोपटतात. माझे डॉक्टरहि माझी तशीच थोपटीत असत.

आणि गेल्या वर्षीं डाव्या डोळ्यानें वाचतांना ओळीच्या मध्यभागीं धुकें दिसूं लागलें. मोतिबिंदु असेल अशा समजुतीनें मी नेत्रवैद्यांकडे गेलों. त्या तरुण डॉक्टरीणबाईंनीं थेंब घालून बाहुली मोठी केली, बराच वेळ आंत पाहिलें, आणि सांगितलें, “गुरुजी, मोतिबिंदु नाहीं. साखरेमुळें पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरत आहेत.” मीं आठ वर्षांचे कागद त्यांच्यापुढें ठेवले आणि थोड्या रागानेंच विचारलें, “बाई, चूक मीं केली, हें खरें. परंतु ती सुधारूनहि आठ वर्षें झालीं. मग डोळा आतां कां बिघडावा?” त्या म्हणाल्या, “तुम्ही साखर सोडलीत, पण पडद्याला ती अजून आठवते.” मीं म्हटलें, “पेशीला आठवण असते?” त्यांनीं एका चिठ्ठीवर एकच शब्द लिहून दिला: एपिजेनेटिक्स. “वाचा, गुरुजी. तुम्हांला आतां वेळ आहे.” मीं वाचलें. त्यांतलें जें मला समजलें, तेवढेंच आज सांगतों.

आपल्या सर्वांच्या शरीराचा आरंभ एका पेशीपासून होतो. त्या पेशीच्या केंद्रकांत डी.एन.ए. नांवाचा लांबलचक रेणु असतो. तो म्हणजे सुमारे तीन अब्ज अक्षरांचा ग्रंथच समजा. त्यांत निरनिराळीं प्रथिनें बनविण्याच्या सुमारे वीस हजार आज्ञा आहेत. त्यांना आपण जनुकें म्हणतों. एका पेशीच्या दोन होतात, तेव्हां सबंध ग्रंथाची नक्कल उतरली जाते आणि प्रत्येकीला एकेक प्रत मिळते. आतां असा विचार करा. डोळ्याच्या दर्शनी भागावरील पारदर्शक पेशी, भिंगाच्या पेशी, पडद्यामागच्या काळ्या रंगानें भरलेल्या पेशी आणि प्रकाश टिपून घेणार्‍या पेशी या सार्‍यांना तोच ग्रंथ मिळालेला असतो. मग एकीची कांच झाली आणि दुसरीचें काजळ झालें, तें कसें?

या कोड्याला नांव देण्याचें काम कॉनराड वॉडिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९४२ सालीं केलें. एपिजेनेटिक्स हा शब्द त्याचा. ‘एपि’ या ग्रीक उपसर्गाचा अर्थ ‘वर’. म्हणून जनुकांच्या वर चालणारी व्यवस्था, असा या शब्दाचा अर्थ आज करतात. नवल असें कीं, त्या सालीं जनुक कशाचें बनलेलें असतें हेंहि निश्चित झालेलें नव्हतें. तें डी.एन.ए.चें असतें याचा पुरावा ऑस्वल्ड एव्हरी व त्याचे सहकारी यांनीं १९४४ सालीं दिला, आणि त्या रेणूची रचना १९५३ सालीं उलगडली. म्हणजे शब्द आधीं जन्मला आणि त्याचा अर्थ मागाहून भरत गेला.

ही व्यवस्था समजण्यासाठीं आपल्याकडचाच एक दाखला घेतों. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत जुने मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. दफ्तरांत कागद हजारों. परंतु ज्या रुमालाची गांठ सुटेल, त्यांतलाच कागद वाचतां येतो. बाकीचे असून नसल्यासारखे. पेशींतहि हाच प्रकार आहे. एका पेशींतील सारें डी.एन.ए. सरळ ताणलें तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरेल. आणि तें ज्या केंद्रकांत मावतें, तें मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढें, बहुधा त्याहूनहि लहान. तें मावतें याचें कारण असें कीं, हा धागा हिस्टोन नांवाच्या प्रथिनांवर गुंडाळून ठेवलेला असतो. आठ हिस्टोनांचा एकेक लहानसा गड्डा, आणि त्याभोंवतीं धाग्याचे दोनाहून थोडे कमी वेढे. हे झाले पेशीचे रुमाल.

या रुमालांच्या गांठी घट्ट किंवा सैल करणार्‍या रासायनिक खुणा असतात. हिस्टोनाला ॲसिटिल नांवाचा अणुगट चिकटला कीं गांठ सैल पडते आणि तेथील जनुक वाचलें जाऊं लागतें. या खुणेचा जनुकाच्या वाचनाशीं संबंध व्हिन्सेंट ऑलफ्री व त्याचे सहकारी यांनीं १९६४ सालीं दाखविला. दुसरी खूण प्रत्यक्ष डी.एन.ए.वर बसते. तिचें नांव मेथिल. जनुकाच्या आरंभीं या खुणा दाटीनें बसल्या म्हणजे लखोट्यावर लाखेची मोहर बसावी तसें तें जनुक बंद होतें. पेशी दुभंगतांना ही मोहर नव्या प्रतीवरहि उमटूं शकते. १९७५ सालीं दोन ठिकाणच्या शास्त्रज्ञांनीं एकमेकांवर न विसंबतां हा विचार मांडला, आणि पुढें तो प्रयोगांनीं खरा ठरला. पेशीची आठवण म्हणतात ती हीच. ग्रंथांतलें अक्षर एकहि बदलत नाहीं. वाचावयाचें काय आणि वगळावयाचें काय, एवढेंच ठरलेलें राहतें.

आतां डोळा कसा घडतो तें पाहूं. गर्भाच्या चौथ्या आठवड्यांत, गर्भ तांदळाच्या दाण्यापेक्षां मोठा नसतो तेव्हां, मेंदूच्या दोन्ही बाजूंस एकेक फुगवटा बाहेर येतो. तो वरच्या त्वचेला जाऊन भिडतो. तेथील त्वचा जाड होते, आंत वळते आणि तिचें भिंग होतें. इकडे तो फुगवटा वाटीसारखा खोलगट होतो. वाटीच्या आंतल्या थराचा पडदा बनतो आणि बाहेरच्या थरांत काळा रंग भरतो. म्हणजे डोळ्याचा पडदा हा वस्तुतः मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. या सर्व घडामोडींत पॅक्स-सहा नांवाचें जनुक सूत्रधार असतें. माणसाचें हें जनुक १९९१ सालीं हातीं लागलें. त्याच्या दोन प्रतींपैकीं एक निकामी असेल, तर बाहुलीभोंवतींचें रंगीत कडें जवळजवळ नसलेलें मूल जन्मास येतें.

या सूत्रधाराचा अधिकार केवढा, हें १९९५ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझेल येथें वॉल्टर गेहरिंग व त्याचे सहकारी यांनीं दाखविलें. त्यांनीं फळांवर बसणार्‍या चिमुकल्या माशीच्या अंगांत, जेथें पाय आणि पंख व्हावयाचे तेथें, हें जनुक जागें केलें. पायांवर आणि पंखांवर डोळे उगवले! माशीच्या जनुकाऐवजीं उंदराचें तेंच जनुक घातलें, तरीहि डोळा उगवला, आणि तो माशीचाच. मात्र एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. अळीच्या शरीरांतील ज्या पेशींची घडण अजून पुरी झाली नव्हती, अशाच पेशींना ही आज्ञा दिलेली होती. आज्ञा देणारा कितीहि थोर असो, ऐकणार्‍याचा रुमाल सुटा असावा लागतो. ज्याचें सारें ठरून गेलें आहे, त्याला नवी गोष्ट शिकविणें किती अवघड असतें, तें शिक्षकाला वेगळें सांगावें लागत नाहीं.

पेशी पुरी घडली म्हणजे हे रुमाल ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणें पक्के होतात. भिंगाच्या पेशी तर याहून पुढें जातात. प्रकाशाला अडथळा नको म्हणून त्या आपलें केंद्रकच टाकून देतात. ग्रंथ वाचून झाला कीं ग्रंथच नाहींसा! त्यामुळें तेथें नवीं प्रथिनें पुन्हां बनत नाहींत. जीं एकदां बनलीं तींच जन्मभर पुरवावयाचीं असतात. म्हातारपणीं तीं गढूळतात आणि मोतिबिंदु होतो, त्याचें हें एक कारण आहे. उंदराची गोष्ट तर याहूनहि विलक्षण. बहुतेक पेशींत घट्ट बांधलेलें डी.एन.ए. केंद्रकाच्या कडेला आणि सैल मध्यें असतें. २००९ सालीं म्यूनिकच्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, उंदरासारख्या रात्रीं हिंडणार्‍या सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत, मंद प्रकाश टिपणार्‍या पेशींमध्यें ही मांडणी उलटी असते. घट्ट गोळा मध्यभागीं येतो आणि तो बारीकशा भिंगाप्रमाणें प्रकाश पुढें पोहोंचवितो. उंदराच्या पिलांत ही उलथापालथ जन्मानंतर थोड्या आठवड्यांत घडून येते. माणसासारख्या दिवसां वावरणार्‍या प्राण्यांत मात्र ती नाहीं.

आपल्या डोळ्यांत आढळणारें एक उदाहरण सांगतों. स्त्रियांच्या प्रत्येक पेशींत एक्स नांवाचीं दोन गुणसूत्रें असतात. त्यांपैकीं कोणतें तरी एक, गर्भावस्थेच्या आरंभींच, त्या पेशीपुरतें व तिच्या वंशजांपुरतें बंद होतें, हें तत्त्व मेरी लायन या बाईंनीं १९६१ सालीं मांडलें. लाल आणि हिरवा रंग ओळखण्याचीं जनुकें याच गुणसूत्रावर आहेत. पुरुषाजवळ एक्स एकच; तें सदोष निघालें कीं तो रंगांध होतो. स्त्रीजवळ दोन; एक सदोष असलें तरी तिच्या पडद्यावर निरोगी पेशींचे ठिगळ सदोष पेशींच्या शेजारीं असतात आणि तिचें काम निभावतें. परंतु एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या बहिणींत एक रंगांध आणि दुसरीला रंगांचें ज्ञान चोख, अशींहि उदाहरणें डॉक्टरांनीं नोंदविलीं आहेत. दोघींचा ग्रंथ अक्षरशः एक. कोणत्या पेशींत कोणतें पान बंद झालें, एवढाच भेद. जन्मतःच सारें कपाळीं लिहिलेलें असतें असें म्हणणार्‍यांनीं या बहिणींचा विचार करावा.

ही मोहर भलत्या ठिकाणीं बसली तर काय होतें, याचें उदाहरण दुःखद आहे, पण सांगितलेंच पाहिजे. लहान मुलांच्या पडद्यांत रेटिनोब्लास्टोमा नांवाचा एक कर्करोग होतो. बहुधा पांच वर्षांच्या आंतील मुलांना तो होतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणार्‍या एका जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या म्हणजे तो उद्भवतो, असें अनुमान आल्फ्रेड नडसन यानें १९७१ सालीं केलें, आणि १९८६ सालीं तें जनुक प्रत्यक्ष सांपडलें. पुढें १९८९ सालीं असें आढळलें कीं, कांहीं गांठींत त्या जनुकाच्या आरंभावर मेथिलची मोहर बसलेली असते. अक्षर शुद्ध असूनहि पान बंद, आणि परिणाम पान फाटल्यासारखाच! श्रोतेहो, यांतून घरीं न्यावयाची गोष्ट एकच. लहान मुलाच्या बाहुलींत पांढरी चमक दिसली, मांजराच्या डोळ्यासारखी लकाकी फोटोंत उमटली, किंवा डोळा नव्यानें तिरपा वाटूं लागला, तर आठवडाभरहि थांबूं नका. नेत्रवैद्यांना दाखवा. ही गांठ वेळेवर सांपडली तर मूल वांचतें, आणि पुष्कळदां डोळाहि वांचतो. उशीर झाला तर दोन्ही जातात.

आतां माझ्या डोळ्याकडे वळतों. साखर आटोक्यांत आल्यावरहि पडदा कां बिघडतो, हा प्रश्न मजपूर्वीं पुष्कळांना पडला होता. १९८७ सालीं अमेरिकेंतील दोन संशोधकांनीं कुत्र्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. मधुमेह झालेल्या कुत्र्यांची साखर त्यांनीं अडीच वर्षें वाढलेलीच राहूं दिली; तोंवर पडदा जवळजवळ निर्दोष होता. पुढलीं अडीच वर्षें साखर नीट आवरली. तरीहि या दुसर्‍या काळांत पडद्याचा रोग प्रकट झालाच.

माणसांविषयींचा मोठा पुरावा १९९३ सालीं आला. अमेरिका व कॅनडा येथें १९८३ पासून १४४१ मधुमेही रुग्णांचे दोन गट करून तपासणी चालली होती. हे रुग्ण ज्यांना इन्सुलीनवांचून गत्यंतर नसतें अशा प्रकारचे होते. एका गटाची साखर काटेकोरपणें आवरली. त्यांची सरासरी सातांच्या आसपास राहिली. दुसर्‍या गटाला त्या काळची नेहमींची औषधयोजना दिली. त्यांची सरासरी नवांच्या आसपास. सरासरी साडेसहा वर्षांनंतर पाहिलें, तों ज्यांचा पडदा आरंभीं निर्दोष होता अशांमध्यें, काटेकोर गटांत पडद्याच्या रोगाचा धोका ७६ टक्क्यांनीं कमी झालेला होता. प्रयोग थांबवून सर्वांनाच काटेकोर उपाय शिकविले. त्यानंतर दोन्ही गटांची साखर जवळजवळ एकसारखी झाली. आतां दोघांचे डोळेहि सारख्याच वाटेनें चालतील, असें कोणालाहि वाटलें असतें. तसें झालें नाहीं. दहा वर्षांहून अधिक काळपर्यंत, ज्यांनीं पहिल्यापासून साखर आवरली होती त्यांचे डोळे अधिक चांगले राहिले, आणि ज्यांनीं मागाहून आवरली त्यांचे मागें पडले. माझा मधुमेह दुसर्‍या प्रकारचा, प्रौढपणीं येणारा. त्याविषयीं ब्रिटनमध्यें झालेल्या मोठ्या पाहणीचा २००८ सालचा निष्कर्षहि याच दिशेचा आहे. आरंभींच्या शिस्तीचा लाभ, शिस्तींतला फरक संपल्यावरहि वर्षानुवर्षें टिकतो.

डॉक्टर याला शरीराची ‘चयापचयाची स्मृति’ म्हणतात. ही स्मृति कोठें सांठविलेली असते? संशोधकांचें लक्ष त्या रुमालांकडे गेलें. मधुमेही उंदरांच्या पडद्यांत असें आढळलें कीं, पेशींना जळण्यापासून वांचविणार्‍या एका जनुकाभोंवतींच्या हिस्टोनांवरील खुणा वाढत्या साखरेनें बदलतात, आणि पुढें साखर उतरली तरी त्या खुणा लगेच पुसल्या जात नाहींत. त्या १४४१ रुग्णांपैकीं कांहींच्या रक्तांतील पेशी तपासल्या, तेव्हां त्यांतहि जुन्या साखरेच्या खुणा वर्षानुवर्षें टिकलेल्या सांपडल्या. एवढ्यावरून सर्व कांहीं सिद्ध झालें असें कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाहीं; वाढलेल्या साखरेनें प्रथिनांना कायमचा चिकटपणा येतो, तोहि या स्मृतीचा वांटेकरी आहे. परंतु माझ्या प्रश्नाचें उत्तर मला मिळालें. बारा वर्षें रोज पांच वेळां मीं जो चहा घेतला, त्याचा जमाखर्च माझ्या पडद्यानें लिहून ठेवला होता.

मग ही मोहर कधींच सुटत नाहीं काय? येथें शास्त्राचें उत्तर आशा देणारें आहे. १९६२ सालीं जॉन गर्डन यानें बेडकाच्या पिलाच्या आंतड्यांतील पेशीचें केंद्रक काढून अंड्यांत घातलें, आणि त्यांतून पुन्हां सबंध प्राणी घडला. म्हणजे बांधलेले सारे रुमाल पुन्हां सुटूं शकतात! २००६ सालीं जपानच्या शिन्या यामानाका यानें केवळ चार जनुकांच्या बळावर उंदराच्या त्वचेच्या पेशींना पुन्हां बाल्यावस्थेंत नेलें. पुढल्याच वर्षीं माणसाच्या पेशींत तें साधलें. या दोघांना २०१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या विद्येचा माणसावरील पहिला प्रयोग झाला तो डोळ्यावरच. २०१४ सालीं जपानांतील कोबे येथें मासायो ताकाहाशी या बाईंच्या योजनेखालीं, सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीच्या त्वचेपासून पडद्यामागच्या काळ्या पेशींचा थर तयार करून तिच्याच डोळ्यांत बसविण्यांत आला. आणि २०२० सालीं अमेरिकेंतील डेव्हिड सिंक्लेअर याच्या प्रयोगशाळेनें, त्या चारांपैकीं तीन जनुकें उंदरांच्या डोळ्यांतील मज्जापेशींत चालू करून, काचबिंदूसारख्या विकारानें गेलेली दृष्टि अंशतः परत आल्याचें प्रसिद्ध केलें.

परंतु उंदराच्या डोळ्यापासून माणसाच्या डोळ्यापर्यंतची वाट लांबची असते. अशीं वृत्तें छापून आलीं कीं, पाठोपाठ ‘पेशी तरुण करणारे’ थेंब आणि चूर्णें विकणारे दाराशीं येतात. त्यांना एकच विचारा: हें औषध कोणत्या रुग्णांवर, किती वर्षें, कोणाशीं तुलना करून तपासलें? हा प्रश्न विचारावयास मॅट्रिकसुद्धां व्हावें लागत नाहीं.

आणखी एक गोष्ट मनांत आहे. ती सांगतांना मला थोडी शरम वाटते. पुष्कळ वर्षांमागें माझ्या वर्गांत एक मुलगी होती. जन्मतःच तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदु. तिच्या आईनें गरोदरपणीं ग्रहणांत भाजी चिरली म्हणून मुलगी अशी झाली, असें गांव उघड म्हणे. ती माउली मान खालीं घालून मुलीला शाळेंत पोहोंचवी. मला तें म्हणणें खोटें वाटत होतें. परंतु मी चार लोकांत कधीं तसें बोललों नाहीं. आज मला ठाऊक आहे कीं, जन्मजात मोतिबिंदु जनुकांतील दोषानें होतो, गरोदरपणीं झालेल्या रुबेला नांवाच्या गोंवरासारख्या तापानेंहि होतो, आणि पुष्कळदां त्याचें कारण सांपडतच नाहीं. ग्रहणाचा आणि विळीचा त्याशीं कांहीं संबंध नाहीं. तेव्हां न बोललेलें आज बोलतों. या नव्या शास्त्राचेंहि भय मला एवढेंच वाटतें कीं, ‘आईच्या वागण्याच्या खुणा मुलाच्या जनुकांवर उमटतात’ असें अर्धवट वाक्य उचलून लोक तोच जुना आरोप नव्या शब्दांत त्याच माउलीवर ठेवतील. गर्भाचा डोळा चौथ्या आठवड्यांत घडूं लागतो. तोंवर पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहों हेंहि कळलेलें नसतें. शास्त्र दोष ठेवण्यासाठीं नसतें. पुढला डोळा वांचावा यासाठीं असतें.

म्हणून शेवटीं कामाच्या दोन गोष्टी सांगून आपली रजा घेतों. ज्यांना मधुमेह असल्याचें आजच कळलें आहे, त्यांनीं आजपासूनच साखर आवरावी. ‘पुढें पाहूं’ म्हणूं नये, कारण पहिल्या वर्षांचा हिशेब शरीर फार जपून ठेवतें. आणि दिसण्यांत कांहीं उणें नसलें तरी वर्षांतून एकदां बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. दिसावयास कमी होतें तेव्हां रोग बराच पुढें गेलेला असतो. माझ्यासारख्या ज्यांना उशीर झाला, त्यांनींहि निराश होऊं नये. माझ्या डोळ्यांत इंजेक्शनें दिलीं. धुकें पुरतें गेलें नाहीं, पण वाढलें नाहीं. साखर आवरली नसती तर उजवा डोळाहि आजच्यासारखा राहिला नसता, असें डॉक्टरीणबाई सांगतात. या भाषणाचे कागद मीं त्याच डोळ्यानें वाचले.

गेल्या महिन्यांत माझ्या मुलाच्या रक्ततपासणींत साखर निघाली. तो अडतीस वर्षांचा आहे. अंगांत कांहींच दुखत नाहीं, असें तो म्हणाला. मीहि त्या वेळीं हेंच म्हणालों होतों. त्याच आठवड्यांत मी त्याला घेऊन नेत्रवैद्यांकडे गेलों. त्याचा पडदा अगदीं स्वच्छ आहे. घरीं आल्यावर त्यानें आपण होऊन बिनसाखरेचा चहा मागितला आणि पहिल्या घोटाला तोंड वांकडें केलें. मीं त्याला कांहींच म्हटलें नाहीं. माझाहि चहा तसाच होता.